आतलं का बाहेरचं

बारा एप्रिल. वर्षाची ज्वारी गच्चीवर वाळत घालायची होती. आमच्या झरी गावात एप्रिलचं ऊन असं असतं, की सकाळी पसरलेली ज्वारी दुपारपर्यंत हाताला चटका देते. तशी चटका देणारी झाली तरच कोठीत भरावी, नाहीतर श्रावणात सोंडे किडे निघतात. पोती वर चढवायला दीर होते. दीर माझ्यापेक्षा बरेच लहान, अंगानं दणकट, आणि सांगितलेल्या कामात कधी खोट नाही. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. गाव म्हणतं डोक्यात फरक आहे. गावाला एवढ्या लांबलचक शब्दाची गरज पडत नाही.

मुलं शिकायला बाहेर असतात. घरात आम्ही चौघं: सासूबाई, नवरा, दीर आणि मी. पुढं किराणा दुकान, मागं घर. त्या आठवड्यात मोठी नणंदही आलेली होती. ती पालमला दिलेली. दोघं भाऊ तिला अक्का म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणते. मे महिन्यात अक्कांच्या मुलाचं लग्न होतं आणि त्या माहेरी आहेर ठरवायला आल्या होत्या, निदान मला तसं सांगितलं होतं.

दीर कॉलेजात असताना आजार सुरू झाला. तेव्हा त्यांना वाटायचं की घरातले आपल्या जेवणात काहीतरी घालतात. वाटायचं म्हणजे खात्रीच होती. जेवण टाकलं, पाणी टाकलं, हातापायाच्या काड्या झाल्या, आणि शेवटी जीपमध्ये दोघांनी धरून परभणीला न्यावं लागलं. औषधं सुरू झाली तरी जेवणाची भीती लगेच गेली नाही. मग मी एक रीत पाडली. सगळी ताटं वाढून मांडायची, दिरांनी हवं त्या ताटावर बसायचं, आणि घास घेण्याआधी कुणाशीही ताट किंवा पेला बदलायचा. कुणी का म्हणून विचारायचं नाही. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. पूजा करून, विभूती लावून बसलेल्या माणसाला ताटावरून उठवायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, गळ्यातल्या लिंगाला चालतं, तुम्हाला का चालत नाही. त्या गप्प बसल्या. दीर जेवायला लागले. अलीकडं ताट बदलायची वेळ क्वचितच यायची.

पुढं डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना विचार तपासायला शिकवलं. मनात काही आलं की थांबायचं. मला प्रत्यक्ष काय दिसलं? त्यावरून मी काय ठरवलं? दुसरं काय असू शकतं? एवढं करूनही उलगडलं नाही तर समोरच्यालाच नीट शब्दांत विचारायचं, किंवा भरवशाच्या माणसाला. भरवशाचं माणूस म्हणून दिरांनी माझं नाव सांगितलं. तेव्हापासून आमच्यात एकच प्रश्न चालतो.

"वैनी, आतलं का बाहेरचं?"

आतलं म्हणजे डोक्यातलं, बाहेरचं म्हणजे खरोखर घडलेलं. दुकानासमोर दोन माणसं थांबून हसली की दीर विचारणार. मी पाहिलेलं असलं तर सांगते, नसलं तर माहीत नाही म्हणते. बाईंनी मला बजावलं होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. मला तसंही ते जमत नाही. कधी माणसं खरंच त्यांच्यावर हसत असतात. मी सांगते, तुमच्यावरच हसायलेत, रिकामटेकडे हाईत. मग दीर शांतपणे साखरेचे पुडे बांधायला लागतात. शेजारणींना याचं नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. माणसाला स्वतःचा डोळा चुकला नाही एवढंच कळायचं असतं.

या विचारण्याच्या रीतीचा अक्कांना राग होता आणि त्याला कारण त्यांच्या मुलाचा साखरपुडा. तिथं पंगतीत नवरीचा मामा दिरांच्या समोर बसला होता. तो शेजाऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघं खुसखुसले. दिरांनी ताटावर हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मामा, आत्ता तुमी हसलात ते माझ्यावर का?" सगळी पंगत थांबली. मामाचा चेहरा पडला. छे छे, आमचं वेगळंच चाललं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. दीर बरं म्हणाले आणि अजून एक पोळी मागून घेतली. परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बाहेरचं होतं, मी मामाच्या शेजारीच वाढत होते, मी ऐकलं.

"मग न्हाई कामून म्हणले?"

"लाज वाटली म्हणून."

"कुणाची?"

"सोताचीच की."

यावर ते झरी येईपर्यंत विचार करत होते. अक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तर बारा एप्रिलला दुपारी आम्ही जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, कांदा आणि ताक. ताक अक्कांनी घुसळलं होतं. आठवडाभर ताक त्याच करत होत्या आणि सगळे बसल्यावर ज्याच्या त्याच्या हातात पेलाही त्याच देत होत्या. तू ज्वारीचं बघ, ताकाचं म्या बघते, म्हणत होत्या. मला मदतच होत होती. दिरांनी पेला वर धरून, ओठाला न लावता, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. तपासणी चालली होती.

"कडू लागायलंय," ते म्हणाले.

हिंग जास्त पडला असेल, असं अक्का म्हणाल्या. दिरांनी पेल्यात डोकावून पाहिलं. मग त्यांनी पेला नवऱ्यापुढं सरकवला. "दादा, पेला बदल."

नवऱ्याचा हात भाकरीवरच थांबला. त्यानं पेल्याकडं पाहिलं, मग अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी जेमतेम दिसेल एवढी मान हलवली. मग त्यानं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. "बघ. कायी न्हाई," असं म्हणून त्यानं मिशी पुसली. मला हे जरा विचित्र वाटलं, पण वर ज्वारी उलटायची राहिली होती. दिरांनी बाकीचं जेवण संपवलं. ताकाला हात लावला नाही.

मी गच्चीवर ज्वारी पायानं उलटत होते तेव्हा खालून एका गिऱ्हाईक बाईची हाक आली, की काका उठत नाहीत. खाली आले तर नवरा दुकानात पोत्यांना टेकून पडला होता. तोंड उघडं, लाळ गळ्यापर्यंत आलेली, आणि खालच्या ओठावर एक माशी निवांत चालत होती. गदागदा हलवलं तेव्हा डोळे अर्धे उघडले. उठून बसायला गेला आणि समोरच्या तूरडाळीच्या उघड्या पोत्यात ओकला. पिठलं, कांद्याचे तुकडे, आणि वर हिरवट पाणी. दिरांनी खांद्याला धरून त्याला आत नेलं. सासूबाई पोत्यात डोकावून म्हणाल्या की वरची वरची डाळ काढून टाकली तर खालची चांगली आहे. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. याच दुकानातली डाळ अर्धं गाव खातं. पोतं ओढत नेऊन उकिरड्यावर उलटं केलं.

मग लिंबूपाणी करायला स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा ओढला तर त्याच्या मागं एक प्लास्टिकची डबी होती. माझी नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात माझी नसलेली वस्तू मला लगेच दिसते. आत हिरवट-करडी पूड होती. तंबाखू आणि ओल्या गोठ्याचा मिळून वास. बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली. घशापर्यंत कडू. मोरीत थुंकले, चूळ भरली, परत थुंकले. कडूपणा जाईना.

वळून पाहिलं तर अक्का दारात उभ्या होत्या. घाबरल्या बिबरल्या नव्हत्या. ते देशी औषध आहे, अपाय नाही, म्हणाल्या. बाजारच्या दिवशी एक औषधवाला गाडी घेऊन येतो, त्याच्याकडून आणलं. चिमूटभर पोटात गेली की माणूस थंड राहतो, कुणाला काही विचारत बसत नाही. आठवडाभर थोडी थोडी देऊन बघत होत्या, लग्नाच्या दिवशी किती लागेल ते कळावं म्हणून. आज चिमूट मोठी पडली असेल. त्यात काय असतं असं विचारलं, तर ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"लग्नापुरतं गं," त्या म्हणाल्या. "सोयरे लय मोठ्या घरचे हाईत. त्यांच्यापुढं याचं ते आतलं-बाहेरचं नको."

"कुणाकुणाला माहीत हाय?"

"आईला सांगितलं. त्याला बी सांगितलं."

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मला दुपारचा पेला आठवला. पूड एक वेळ परवडली. पेल्यात काय आहे ते नवऱ्याला ठाऊक होतं. नको म्हणता आलं असतं, धक्का लागल्यासारखं करून सांडता आलं असतं. पण नको म्हटलं तर भावाला कळलं असतं, म्हणून त्यानं ते पिऊन टाकलं. आणि आता आत आडवा पडून कण्हत होता, ऊन बाधलं म्हणून. याच घरात, तुमच्या जेवणात कुणीही काहीही घालत नाही, अशी शपथ मी दिरांपुढं लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. शपथ माझ्या तोंडून वदवून घेतली आणि हात यांनी चालवले. त्या तिघांचं तोंड बघायची मला शिसारी आली.

संध्याकाळी नवरा उठून बसला. तिघांनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. दीर एकटे गच्चीवर ज्वारी भरत होते. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. झालं ते झालं, पूड बंद. पण हे खरं होतं असं भावाला कळलं तर तो परत जेवण टाकील, गोळ्या टाकील, आणि परत जीप आणावी लागेल. तू तर सगळं बघितलंयस, म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्या दिवसांत ताटाजवळ बसून मीच तर वाट बघत असे, एक घास तरी जाईल म्हणून. सासूबाई म्हणाल्या, खोटं बोल कोण म्हणतंय, नुसती गप बस. मी म्हटलं, ते विचारणार.

"मग आतलं म्हण," नवरा म्हणाला. "तुझं ऐकतो त्यो."

ऐकतात म्हणूनच ते शब्द माझ्याच तोंडून हवे होते. नवरा मागून म्हणाला की थोडा आमचाबी विचार कर. मी दार उघडून बाहेर आले.

दीर खाली आले. केसांत, भुवयांत ज्वारीचा भुसा. मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि सगळ्यांना बसा म्हणाले. बाईंनी शिकवलं होतं त्या क्रमानं त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"म्या काय बघितलं ते सांगतो. ताक कडू लागलं. ते माझ्या जिभेचं आसंल. गोळीनं तोंड कधी कधी कडू होतं. म्हणून म्या कायी ठरवलं न्हाई. पेला बदलला. दादानं पेल्याकडं बघितलं, मग अक्काकडं बघितलं. अक्कानं मान हलवली. मग दादानं पिऊन टाकलं. मग दादा झोपला आन् ओकला." थोडं थांबून ते म्हणाले, "दुसरं काय आसू शकतं ते बी बघितलं. ऊन लागलं आसंल. पण ऊन लागणार हाय म्हणून माणूस आधीच अक्काकडं कामून बघंल?"

आमच्या घरात इतका नीट विचार केलेला मी कधी ऐकला नव्हता. अक्कांनी पदर डोळ्याला लावला. "आरं, तुझं परत सुरू झालं बग. लग्नाच्या तोंडावर काय रे हे." सासूबाई शिवा शिवा करायला लागल्या. नवरा खाली फरशीकडं बघत होता. दिरांनी त्या तिघांचेही चेहरे एकेक करून पाहिले, आणि मला दिसलं की त्यांची खात्री ढासळत होती. इतकं सगळं डोळ्यांनी पाहून ढासळत होती. तीन शहाणी माणसं एका आवाजात नाही म्हणत असतील तर कुणाचीही ढासळेल.

"वैनी," ते म्हणाले. "आतलं का बाहेरचं?"

"बाहेरचं," मी म्हटलं. "ताकात पूड होती. अक्कांनी घातली. तुमच्या आईला आन् दादाला माहीत होतं. मला आज दुपारी कळलं. डबी माझ्यापाशी हाय, डॉक्टरांना दाखवू."

मला वाटलं होतं दिरांना हायसं वाटेल, कारण नेहमी वाटतं. तसं झालं नाही. ते बराच वेळ आपल्या तळहाताला चिकटलेला भुसा काढत राहिले.

"मग तवाचं?" त्यांनी विचारलं. "कॉलेजच्या टायमाला तुमी सगळे माझ्या जेवणात कायतरी घालायला लागलात, आसं म्या म्हणत होतो. ते बी खरं होतं का?"

नवऱ्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. बघ, मी सांगत नव्हतो का, असा तो चेहरा. त्या क्षणी मला त्याचा जितका वीट आला तितका पंचवीस वर्षांच्या संसारात आला नव्हता.

"न्हाई," मी म्हटलं. "तवा सैपाक म्या एकटी करत होते. तवा कायी नव्हतं. तवाचं आतलं होतं, आजचं बाहेरचं हाय."

"कशावरून?"

"कशावरूनच न्हाई. म्या सांगते एवढंच."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, अगदी बारीक अक्षर वाचावं तसं. मग मान हलवली. "वैनी, आत्ता मला तुमचं तोंड वाचता यीना. तुमी खरं सांगायलात का न्हाई ते कळंना. माझं डोकं दमलंय का तुमी खोटं बोलायलात, ते बी कळंना."

"बरं. आज नका वाचू."

ते उठून गच्चीवर गेले. जेवले नाहीत. गोळीही घेतली नाही. नवरा म्हणाला, झालं समाधान? ओकून ओकून अंगात त्राण नव्हतं, पण हे विचारायला होतं. अक्कांनी डबी परत मागितली. किंमत पडलीय तिला, म्हणाल्या. मी ती कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आणि त्यांना सांगितलं की उद्या पालमची गाडी लवकर असते. माझ्याच माहेरच्या घरातून मला हाकलते, असं त्या सासूबाईंना रडत सांगत होत्या. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या न बोलण्याचा मला कधी त्रास झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसची शेगडी आणि सिलिंडर ओढत अंगणात आणला. पिठाचा डबा, बेसन, मीठ, तिखट, तेल, सगळं बाहेर मांडलं आणि सगळ्या डब्यांची झाकणं काढून ठेवली. येणारं-जाणारं बघेल, असं सासूबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या. मी म्हटलं, बघू द्या. अक्का पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्या डब्यांना वळसा घालून रस्त्याला लागल्या. मी वर हाक मारली, भावजी, खाली या, आजपासून सैपाक हितं.

ते आले आणि ओट्यावर लांबच बसले. मी जवळ बोलावलं नाही. गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट त्यांच्या बाजूला ठेवून परत आले. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, फोडलं नाही, पण खालीही ठेवलं नाही. थोड्या वेळानं उठून डब्यांपाशी आले.

"हे काय?"

"मीठ."

त्यांनी बोट बुडवून चाखलं. मग बेसन चाखलं. मग तेलाचा वास घेतला. एकेका डब्यापाशी थांबून ओठ हलवत होते. मी घाई केली नाही. त्यांचं सगळं बघून झालं तेव्हा परात पुढं ओढली, पीठ घेतलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि पाणी घाला म्हटलं. त्यांनी घातलं. मी पीठ मळलं आणि पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली.